पवनेहून परतल्यावरची कामं : आधी कुत्रा, मग कपडे

तुम्ही विचारलंय की तळ्याकाठी तंबूत इतके दिवस राहून घरी आल्यावर पसारा बघूनच हातपाय गळतात, सुरुवात कुठून करायची. माझं ठाम मत, आधी कुत्रा. आम्ही पवना धरणाच्या काठी तिकोना किल्ल्याच्या बाजूला राहून आलो की बॅगा दारातच पडून राहतात आणि मी आमच्या शेरूला घेऊन बाल्कनीत बसते, गोचीड शोधायला. कानाच्या आत, बोटांच्या मधे, पट्ट्याखाली, शेपटीच्या बुडाशी, सगळं बोटांनी चाचपायचं, कारण बारीक गोचीड केसात दिसतच नाही. सापडली तर चिमट्याने अगदी कातडीलगत धरून सरळ वर ओढायची, रॉकेल वगैरे ओतू नका प्लीज. एर्लिकिया, बबेसिया हे आजार गोचिडीतूनच होतात आणि लक्षणं लगेच दिसत नाहीत, त्यामुळे पुढचे दोन-तीन आठवडे तो खातोय का, ताप, हिरड्या फिकट पडल्यात का हे बघत राहायचं, जरा शंका आली की डॉक्टरांकडे जाऊन रक्त तपासून घ्यायचं. पोहणारा असेल तर कान कोरडे करा, लॅब्रॅडॉरवाल्यांनी तर नक्कीच.

मग तंबू. तो ओला गुंडाळून ठेवला की बुरशी धरते आणि तो कुबट वास काही केल्या जात नाही, म्हणून गच्चीवर सावलीत पूर्ण वाळवायचा, मशीनमधे अजिबात टाकायचा नाही, पाणी अडवणारं कोटिंग जातं. कपडे, भांडी, फ्रीजमधली सुकलेली कोथिंबीर हे सगळं दुसऱ्या दिवशी केलं तरी चालतं हो, त्या रात्री खिचडी टाका आणि झोपा.