पेरॉक्साइड दिलं तरी एचएमओएक्स१ जीन वाढेना, काय चुकतंय?

पंचवटीची_पोरगी
नमस्कार मंडळी, एमएस्सी बायोटेक शेवटचं वर्ष, नाशिक. प्रोजेक्ट श्वासनलिकेच्या पेशींवर आहे, बीईएएस-२बी ही सेल लाइन. २०० मायक्रोमोलर हायड्रोजन पेरॉक्साइड टाकलं, २४ तासांनी आरएनए काढला, क्यूपीसीआर (जीन किती चालू आहे ते मोजायला) लावलं, तर एचएमओएक्स१ (स्ट्रेसमध्ये पेशीचा बचाव करणारा जीन) कंट्रोलइतकाच आणि आयएल-८ (सुजेचा जीन) पण ढिम्म. पेपरात तर सगळीकडे ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस दिला की हे वाढतात असंच लिहिलंय. मॅडम म्हणाल्या परत कर. मीडिया (पेशी वाढवायचं द्रावण) डीएमईएम + १०% सीरम, नॉर्मलायझेशन जीएपीडीएचवर (तुलनेसाठी स्थिर धरलेला जीन). सबमिशन डोक्यावर आलंय, प्लीज सांगा कोणीतरी 🙏

पिपेटवाला
ताई आधी मीडियाची बाटली बघ, सोडियम पायरुवेट लिहिलंय का. पायरुवेट पेरॉक्साइडला थेट खाऊन टाकतं, ते पेशीपर्यंत पोचतच नाही. नेहमीच्या पायरुवेटवाल्या डीएमईएममध्ये ते साधारण १ मिलिमोलर असतं, म्हणजे तुझ्या पेरॉक्साइडच्या पाचपट, मग काय दिसणार डोंबल.

दुसरं म्हणजे वेळ. एनआरएफ२ (बचावाचे जीन चालू करणारं प्रोटीन) एरवी पेशीत कीप१ या दुसऱ्या प्रोटीनला बांधलेलं असतं आणि कीप१ त्याला सारखं मोडीत काढायला पाठवत असतं. ऑक्सिडंट आला की कीप१ मधले सिस्टीन (एक अमिनो आम्ल) बदलतात, मोडणं थांबतं, नवीन बनलेलं एनआरएफ२ साचून न्यूक्लियसमध्ये जातं आणि डीएनएवरच्या एआरई नावाच्या जागेवर बसून एचएमओएक्स१, एनक्यूओ१, ग्लुटाथिओन बनवणारा जीसीएलसी असे जीन चालू करतं. पण तू पेरॉक्साइड एकदाच दिलंस, पेशीतलं कॅटालेज ते बऱ्यापैकी लवकर संपवतं आणि एमआरएनए (जीनची नक्कल, तू मोजतेस ती) काही तासांत वर जाऊन परत खाली येतो, २४ तासांनी तू वरात गेल्यावर मांडव बघतेयस. १, २, ४, ८, २४ तास असे पॉइंट घे. आयएल-८ तर एनएफ-कप्पाबी या वेगळ्या, सुजेच्या स्विचवर चालतो, तो अजून लवकर हलतो.

जीएपीडीएचवर एकट्यावर विसंबू नको, ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेसमध्ये तो जीनच हलू शकतो. राइबोसोमल प्रोटीनचा एखादा जीन जोडीला घे. आणि पॉझिटिव्ह कंट्रोल म्हणून हेमिन, एचएमओएक्स१ मस्त वाढवतं, म्हणजे प्रायमर तरी बरोबर आहेत का ते कळेल.

सेलकल्चर_काकू
+१. शिवाय बीईएएस-२बी सीरममध्ये वाढवली की ती स्क्वेमस व्हायला लागते, चपटी. सीरम-फ्री मीडियात ठेवतात ती. महाग पडतं हे मान्य.

द्राक्षबाग_दिंडोरी
मधेच विचारतो, राग मानू नका. वडिलांना सीओपीडी (फुप्फुसाच्या नळ्या अरुंद होणारा जुनाट दम्यासारखा आजार) आहे, आयुष्यभर विडी. स्टिरॉइडचा पंप चालू आहे तरी म्हणावा तसा फरक नाही. हे जीनचं आणि त्याचं काही नातं आहे का? विडीने जीन खराब होतात का?

पिपेटवाला
राग कसला दादा. धुराने डीएनएला इजा होते ते खरं, कॅन्सर त्यातूनच, पण इथला मुद्दा वेगळा आहे, जीन तोच राहतो, चालू-बंद करणारं बिघडतं. स्टिरॉइड सूज बंद करतं ते एचडीएसी२ नावाच्या एन्झाइमच्या मदतीने, ते हिस्टोनवरचे (डीएनए ज्यांच्यावर गुंडाळलेलं असतं त्या प्रोटीनवरचे) अॅसिटाइल गट काढून सुजेच्या जीनला बंद करतं. सीओपीडीच्या फुप्फुसात एचडीएसी२ कमी असतं हे २००५ मध्ये दाखवलंय, ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस हे त्याचं मोठं कारण मानतात. म्हणून स्टिरॉइडचा हात तोकडा पडतो. पण पंप मनाने बंद करू नका हं, बऱ्याच पंपात नळ्या रुंद करणारं औषध पण असतं. विडी सुटली तरच पुढचं नुकसान आवरतं.

द्राक्षबाग_दिंडोरी
मग अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या? मेडिकलवाला देतोय.

सेलकल्चर_काकू
त्या भरवशावर नको. ब्रोकोलीतलं सल्फोराफेन लॅबच्या डिशमध्ये एनआरएफ२ झकास चालू करतं, पण सीओपीडीच्या पेशंटना देऊन बघितलं तेव्हा, २०१६ ची ट्रायल, फुप्फुसातले ते जीन वाढलेच नाहीत. पैसे छातीच्या डॉक्टरांच्या फीला ठेवा.

पंचवटीची_पोरगी
बाटली बघितली. पायरुवेट आहे 🤦‍♀️ बिनपायरुवेटची मागवते, तोवर हेमिन कोणाकडे उरलंय का नाशकात? कॉलेज रोडला येऊन घेऊन जाईन