‘ब्रेकआउट सीझन’ला मराठीत काय म्हणाल?

प्रश्न :
आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकासाठी बेसबॉलपटू माइक ट्राउटवर छोटासा लेख लिहितेय. मी न्यू जर्सीत राहते आणि ट्राउटही इथलाच, मिलव्हिल गावचा. २००९ मध्ये सिकॉकसच्या स्टुडिओत खेळाडूंची निवड झाली, तेव्हा सगळ्या इच्छुकांपैकी हा एकटाच तिथे हजर होता. एंजल्स या संघाने त्याला पंचविसाव्या क्रमांकावर उचललं. इथवर लेख सुरळीत चाललाय. पण २०१२ आणि २०१३ या त्याच्या ‘ब्रेकआउट’ (म्हणजे खेळाडू एकदम सगळ्यांच्या नजरेत भरतो त्या) हंगामांपाशी येऊन घोडं अडलंय. ‘उद्रेक’ लिहिलं तर डेंग्यूची बातमी वाटते. मुसंडी, झेप, सूर गवसणे यांतलं काय बसेल? आणि त्याच्या ‘मिलव्हिल मीटिऑर’ या टोपणनावाचं ‘मिलव्हिलची उल्का’ केलं तर चालेल का?

प्रतिसाद :
मुसंडी. डोळे मिटून.

प्रतिसाद :
डोळे उघडून बघा की! मुसंडी मारायची तर समोर फळी हवी, नाहीतर आधी आपण मागे पडलेलो हवं. गुणतक्त्यात तळाला असलेला संघ मुसंडी मारतो. ‘सूर गवसला’ म्हटलं की त्याआधीचं चाचपडणं आलंच. ट्राउट चाचपडला, नाही असं नाही. जुलै २०११ मध्ये एकोणीस वर्षांचा असताना तो पहिल्यांदा खेळला आणि त्या वर्षीच्या चाळीस सामन्यांत त्याची सरासरी जेमतेम .२२० होती, म्हणजे शंभरात बावीसच यशस्वी फटके. पण चाळीस सामन्यांसाठी एवढा मोठा वाक्प्रचार खर्च करू नये.

‘झेप’ मात्र राखून ठेवा, लेखात पुढे लागेल. २७ जून २०१२, बाल्टिमोरचं मैदान. जे. जे. हार्डीचा फटका मधल्या भिंतीपलीकडे जाणार हे दिसत होतं. ट्राउट भिंतीकडे पळत गेला, उडी मारली, हात भिंतीच्या वर नेला आणि होम रन ग्लोव्हमध्ये घेऊन खाली उतरला. याला झेप म्हणतात. आधीच्या परिच्छेदात हंगामानेही झेप घेतलेली असेल तर इथे काय उरणार?

माझं मत ‘नावारूपाला येणे’.

प्रतिसाद :
नावारूपाला पतसंस्था येतात हो! तीस वर्षं खस्ता खाऊन. या पोराने एका उन्हाळ्यात ३० होम रन मारले, ४९ बेस चोरले (म्हणजे फटका नसताना पळून पुढचा तळ गाठला) आणि १२९ धावा केल्या. त्याला नावारूप म्हणजे वाघाला मांजर. सरळ ‘हंगाम गाजवला’ लिहा.

प्रतिसाद :
गाजवला तर डेट्रॉइटच्या मिगेल कब्रेरानेही. २०१२ मध्येच त्याने तिहेरी मुकुट (सरासरी, होम रन आणि फटक्यांवर मिळवून दिलेल्या धावा, तिन्हींत लीगमध्ये अव्वल) मिळवला, १९६७ नंतर पहिल्यांदा. सर्वोत्तम खेळाडूचा मानही त्यालाच मिळाला, ट्राउट दुसरा राहिला. कब्रेराचं नाव तोवर कधीचंच झालेलं होतं. त्यामुळे नुसत्या ‘गाजवला’ने ‘आजवर माहीत नव्हता, आता सगळ्यांना माहीत झाला’ हा अर्थ येत नाही.

मला वाटतं, आपण नाम शोधत बसलोय हीच चूक. मराठीत हे काम एक अक्षर करतं, ‘च’. ‘पहिल्याच पूर्ण हंगामात त्याने मैदान गाजवलं.’ या ‘च’मध्ये कौतुक आहे, अनपेक्षितपणा आहे, वयही आहे. इंग्रजीत त्यासाठी विशेषण लागतं, आपण अक्षर चिकटवून मोकळे होतो.

फक्त ‘पदार्पणाच्या हंगामात’ लिहू नका. पदार्पण २०११ चं. पण त्या वर्षी त्याचे १२३च ‘ॲट-बॅट’ (फलंदाजीच्या मोजल्या जाणाऱ्या संधी) झाले आणि नवखेपण संपायला १३० ओलांडावे लागतात. म्हणून पदार्पण एका वर्षी आणि सर्वोत्तम नवोदिताचा मान पुढच्या वर्षी, तोही एकमताने.

प्रतिसाद :
‘पूर्ण’ कसा? २०१२ मध्ये तो २८ एप्रिलला एंजल्सच्या मुख्य संघात आला. एकूण सामने १३९. (ही खुसपट काढायची सवय आहे, राग मानू नये.)

प्रतिसाद :
एप्रिल सोडला तरी पूर्णच म्हणायचं. आमच्याकडे पाऊस पंधरवडा उशिरा आला म्हणून खरीप अर्धा होत नाही.

२०१३ साठी वेगळा शब्द घ्या. पहिल्या वर्षी चमकलेला दुसऱ्या वर्षी ढेपाळतो, या समजाला आपल्याकडे ‘नव्याचे नऊ दिवस’ तयारच आहे. ट्राउटचा दहावा दिवसही तसाच गेला : सरासरी .३२३, २७ होम रन. म्हणजे ‘जम बसला’. पुन्हा कब्रेरा पहिला, हा दुसरा. अखेर २०१४ मध्ये सर्वोत्तम खेळाडूचा मान एकमताने ट्राउटला.

आणि उल्का नको. मराठीत उल्का पडते. शिवाय शब्द स्त्रीलिंगी, त्यामुळे ‘मिलव्हिलची उल्का मैदानावर उतरला’ अशी गत होईल. टोपणनाव आहे तसं ठेवा.

प्रतिसाद :
सरासरीचं काय करताय? आपला वाचक क्रिकेटचा. ‘सरासरी .३२६’ वाचून म्हणेल, अर्धी धावही नाही? ५५९ पैकी १८२ वेळा यशस्वी फटका, असं फोडून लिहा.

मूळ प्रश्नकर्ती :
सगळ्यांचे आभार. वाक्य असं केलंय : ‘नव्याचे नऊ दिवस म्हणणारे म्हणत राहिले, पहिल्याच पूर्ण हंगामात गाजलेल्या ट्राउटचा दुसऱ्या हंगामात जम बसला.’ झेप बाल्टिमोरसाठी राखली आहे, उल्का काढली आहे. फोनवर आईला मसुदा वाचून दाखवला. ‘४९ बेस चोरले’पाशी तिने थांबवलं. म्हणाली, “एवढा गुणी मुलगा, चोरतो कशाला गं?”