घरच्या संगणकावरून पोकर: साइट निवडताना नेमके काय पाहावे?

प्रश्न: रीडिंगकर

सप्रेम नमस्कार. मी मूळचा साताऱ्याचा असून गेली नऊ वर्षे इंग्लंडमध्ये रीडिंग येथे राहतो. कार्यालयातील सहकाऱ्यांबरोबर टेक्सास होल्डम हा पोकरचा प्रकार शिकलो आणि दर महिन्याला एका मित्राच्या घरी आमचा डाव रंगत असे. त्या मित्राची बदली झाल्यापासून ती बैठक मोडली आहे, म्हणून आता घरच्या संगणकावरून खेळावे असे मनात आहे.

माझी मर्यादा ठरलेली आहे. 200 पौंड बाजूला काढले आहेत, ते गेले तरी घरखर्चाला धक्का लागणार नाही आणि पत्नीलाही याची पूर्ण कल्पना आहे. 5/10 पेन्सच्या (म्हणजे डावाआधीच्या सक्तीच्या दोन पैजा, ब्लाइंड, 5 आणि 10 पेन्स असलेल्या) सहा जणांच्या दोन टेबलांवर दर वेळी प्रत्येकी 10 पौंड घेऊन, मंगळवारी आणि शुक्रवारी रात्री आठ ते अकरा एवढेच खेळायचे आहे. तीन साइट पाहिल्या. त्यांतील एक 200 पौंडांचा स्वागत बोनस देते, त्यामुळे तिच्याकडे मन ओढले जाते. संगणक साधा डेस्कटॉप आहे, 27 इंची पडदा आहे आणि इंटरनेट वाय-फायवर चालते. दुसरा पडदा घेणे आवश्यक आहे का? शिवाय डिसेंबरमध्ये तीन आठवडे साताऱ्याला जाणार आहे. तेथून खेळलेले चालेल का? जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

उत्तर: टेम्सकाठचा

बोनसकडे पाहण्यापूर्वी तुमचे 200 पौंड त्या कंपनीकडे कोणत्या खात्यात राहणार, हे पाहा. मी हे आग्रहाने सांगतो, कारण 2011 साली काय झाले ते मी जवळून पाहिले आहे. 15 एप्रिल 2011 रोजी अमेरिकेच्या न्याय खात्याने पोकरस्टार्स, फुल टिल्ट आणि अॅब्सोल्यूट पोकर या तीन मोठ्या साइटांविरुद्ध खटले दाखल केले. पोकरस्टार्सने आपल्या अमेरिकी खेळाडूंचे पैसे लवकरच परत केले, कारण ते पैसे वेगळे ठेवलेले होते. फुल टिल्टकडे मात्र खेळाडूंची सुमारे 39 कोटी डॉलर देणी होती आणि बँकेत होते जेमतेम 6 कोटी. ही कंपनी परवान्याविना चालणारी नव्हती, तिच्याकडे इंग्लिश खाडीतील ऑल्डर्नी बेटाचा परवाना होता; तो जून 2011 मध्ये स्थगित झाला आणि इकडच्या खेळाडूंच्या खात्यांना कुलूप लागले. पुढे पोकरस्टार्सने ती कंपनी ताब्यात घेतल्यावर नोव्हेंबर 2012 मध्ये अमेरिकेबाहेरच्या खेळाडूंना पैसे मिळाले, तर अमेरिकेतील खेळाडूंना 2014 सालापर्यंत वाट पाहावी लागली. माझे स्वतःचे 340 पौंड त्यात सव्वा वर्षाहून अधिक काळ अडकले होते. पडद्यावर आकडा दिसतो म्हणजे पैसे आहेत असे नव्हे, हे मी तेव्हा शिकलो.

आज ब्रिटनमधील ग्राहकांना सेवा देणाऱ्या प्रत्येक साइटला, तिचे कार्यालय कोठेही असले तरी, येथील गॅम्बलिंग कमिशनचा परवाना लागतो. हा नियम नोव्हेंबर 2014 पासून आहे. साइटच्या तळाशी परवाना क्रमांक असतो. तो तेथे वाचून थांबू नका, तर कमिशनच्या जाहीर नोंदवहीत घालून तपासा. त्यानंतर अटींच्या पानावर ग्राहकांच्या ठेवींविषयीचा परिच्छेद शोधा. कंपनी बुडाल्यास तुमच्या पैशांचे काय होईल हे तेथे तीनपैकी एका श्रेणीत सांगणे बंधनकारक आहे: संरक्षण नाही, मध्यम संरक्षण किंवा उच्च संरक्षण. ‘संरक्षण नाही’ असे लिहिलेली साइटही कायदेशीर असू शकते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. मी स्वतः अशा साइटवर एका संध्याकाळपुरत्या पैशांपेक्षा अधिक ठेवत नाही.

क्रेडिट कार्डाने पैसे भरण्याची सोय येथे एप्रिल 2020 पासून बंद आहे आणि ते योग्यच झाले. ओळखपत्राची तपासणीही खेळ सुरू होण्याआधीच होते, तेव्हा कागदपत्रे तयार ठेवा.

उत्तर: गणिताचा मास्तर

वरील उत्तराशी मी पूर्ण सहमत आहे. आता रेकचा हिशेब पाहू. पोकरमध्ये साइट तुमच्याविरुद्ध खेळत नाही, ती प्रत्येक पॉटमधून, म्हणजे डावात जमलेल्या रकमेतून, आपला वाटा कापून घेते; तोच रेक. नवखा खेळाडू या कपातीकडे लक्ष देत नाही, कारण ती काही पेन्सची असते.

समजा 5/10 पेन्सच्या टेबलावर रेक 5 टक्के आहे. शंभर डावांत तुम्ही फ्लॉपपर्यंत (टेबलावर पहिली तीन सामाईक पाने उघडेपर्यंत) गेलेले 14 पॉट जिंकलात आणि सरासरी पॉट 90 पेन्सचा होता, तर प्रत्येकातून साडेचार पेन्स गेले, म्हणजे एकूण 63 पेन्स. मोठ्या ब्लाइंडच्या (10 पेन्स) भाषेत हे 6.3 ब्लाइंड झाले. याचा अर्थ असा की टेबलावरील इतरांपेक्षा शंभर डावांमागे 6.3 ब्लाइंड एवढे सरस खेळाल तेव्हा कोठे तुमची बरोबरी होईल. त्याहून कमी सरस असाल तर चांगले खेळूनही पैसे कमीच होत जातील. लहान टेबलांवर रेकचा भार प्रमाणाने सर्वांत जड असतो, कारण एका पॉटमागे रेकला असलेल्या कमाल मर्यादेची जी सवलत मोठ्या पॉटना मिळते ती येथे क्वचितच लागू होते. म्हणून तिन्ही साइटांचा रेकचा तक्ता नेमका तुमच्या 5/10 पेन्सच्या ओळीत वाचा.

बोनसचेही असेच आहे. तो एकरकमी मिळत नाही, तुम्ही भरलेल्या रेकच्या प्रमाणात थोडा थोडा सुटतो आणि त्याला मुदत असते. दोन टेबलांवर मिळून ताशी 150 डाव धरले, तर तुमचा रेक ताशी सुमारे 95 पेन्स आणि आठवड्याच्या सहा तासांत सुमारे 5.70 पौंड होईल. साठ दिवसांची मुदत असेल तर त्या काळात तो 48 पौंडांच्या आसपास जाईल. पाच पौंड रेकमागे एक पौंड सुटत असेल, तर 200 पौंडांच्या बोनसातून तुमच्या हाती दहा पौंडही पडणार नाहीत. तो मिळवण्याच्या ओढीने तुम्ही बुधवारीही बसाल आणि रविवारीही बसाल, ही मला खरी भीती वाटते.

त्यापेक्षा एक खटाटोप करा. पैसे न भरता तिन्ही साइटांच्या लॉबीत (चालू टेबलांच्या यादीच्या पानावर) मंगळवारी आणि शुक्रवारी रात्री साडेआठ वाजता जा आणि 5/10 पेन्सची किती टेबले चालू आहेत, सरासरी पॉट किती आहे आणि फ्लॉप पाहणाऱ्यांचे प्रमाण किती टक्के आहे, हे वहीत लिहा. बऱ्याच लॉबींत हे आकडे टेबलाच्या नावापुढेच दिसतात. सहा जणांच्या टेबलावर फ्लॉपचे प्रमाण जितके जास्त, तितके कमकुवत पानांवरही डाव न सोडणारे, म्हणजे हौशी खेळाडू जास्त. दोन आठवड्यांच्या अशा नोंदीतून जे कळेल ते कोणत्याही जाहिरातीतून कळणार नाही.

उत्तर: संगणककार

मी संगणक सुरक्षेच्या क्षेत्रात काम करतो, त्यामुळे ‘पत्ते प्रामाणिकपणे पिसले जातात का’ हा प्रश्न मला वारंवार विचारला जातो. शंका निराधार नाही. 1999 साली एका सॉफ्टवेअर कंपनीने विश्वास वाटावा म्हणून आपली पत्ते पिसण्याची रीत जाहीर केली आणि अमेरिकेतील तज्ज्ञांनी तिच्यातील दोष लगेच दाखवून दिला. 52 पत्त्यांचा कॅट जितक्या प्रकारे लावता येतो ती संख्या 68 अंकी आहे. त्या आज्ञावलीत मात्र पिसण्याची सुरुवात मध्यरात्रीपासून उलटलेल्या मिलिसेकंदांवरून होत असे, आणि दिवसाचे मिलिसेकंद असतात 8 कोटी 64 लाख. सर्व्हरच्या घड्याळाशी आपले घड्याळ जुळवले की शक्यता सुमारे दोन लाखांवर येत. मग स्वतःचे दोन पत्ते आणि फ्लॉपचे तीन पत्ते घातले की सर्वांच्या हातातील पाने उघडी पडत. आज परवानाधारक साइटांची ही यंत्रणा स्वतंत्र प्रयोगशाळांकडून तपासली जाते, त्यामुळे मला पिसण्याची चिंता वाटत नाही; समोर माणूस आहे की यंत्र, याची वाटते. 2019 साली कार्नेगी मेलन विद्यापीठ आणि फेसबुक यांच्या ‘प्लुरिबस’ या कार्यक्रमाने सहा जणांच्या टेबलावर व्यावसायिक खेळाडूंना मागे टाकले. म्हणून ज्या साइट बॉटखाती (यंत्राने चालवलेली खाती) बंद करून त्यांच्याकडून हरलेल्यांना भरपाई देतात आणि ते जाहीर करतात, त्यांना मी पसंती देतो.

आता तुमची मांडणी. दुसरा पडदा अजिबात नको. 27 इंची पडद्यावर 2560 × 1440 या रेझोल्यूशनला चार टेबले आरामात मावतात आणि तुम्हाला तर दोनच खेळायची आहेत. तो पैसा आठ-दहा पौंडांच्या केबलवर खर्च करा आणि डेस्कटॉप थेट राउटरला जोडा. रोख टेबलावर मध्येच जोडणी तुटली की वेळ संपेपर्यंत थांबून साइट तुमची पाने सहसा खाली ठेवते, मग पॉटमध्ये तुमचे कितीही पैसे असोत.

सेटिंगमध्ये चार रंगांचा कॅट निवडा. त्यात चौकट निळी आणि किलवर हिरवे दिसते, म्हणजे रात्री साडेदहाला थकलेल्या डोळ्यांना बदाम आणि चौकट यांचा घोटाळा होत नाही. पैज लावण्यासाठी माउसचे चाक वापरण्याची सोय पहिल्या दिवशीच बंद करा. मी एकदा 1.20 पौंड लावायला गेलो, बोट चाकावर जरासे सरकले आणि पुढ्यातील सर्वच्या सर्व 11.40 पौंड आत गेले. समोरच्याने तिर्रीच्या जोडीवर ते घेतले. तेव्हापासून मी रक्कम कीबोर्डानेच टंकतो आणि एकदा वाचूनच एंटर दाबतो.

खेळासाठी संगणकावर वेगळे वापरकर्ता खाते उघडा, त्यात दुसरे काही ठेवू नका. डाव चालू असताना सॉल्व्हरसारखी (सर्वोत्तम चाल काढून देणारी) विश्लेषणाची साधने चालू ठेवणे नियमबाह्य आहे आणि साइट चालू कार्यक्रम तपासतात. नुसते विसरून उघडे राहिले तरी खाते अडकू शकते. प्रतिस्पर्ध्यांची आकडेवारी दाखवणाऱ्या साधनांबाबत धोरणे वेगवेगळी आहेत: पोकरस्टार्स काही मर्यादांसह बाहेरची साधने चालू देते, जीजीपोकर स्वतःच्या आकडेवारीखेरीज काही चालू देत नाही. तुमच्यासारख्या नव्या खेळाडूला दुसरी पद्धत अधिक न्याय्य ठरेल, असे माझे मत आहे.

उत्तर: पुण्याहून एक वाचक

साताऱ्याहून खेळू नका. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने ऑनलाइन खेळांविषयीचा कायदा संमत केला आणि 22 ऑगस्टला त्यास राष्ट्रपतींची संमती मिळाली. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ, मग ते कौशल्याचे असोत वा नशिबाचे, त्याने निषिद्ध ठरवले. त्यापाठोपाठ येथील पोकर साइटांनी पैशांची टेबले बंद केली. असे खेळ पुरवणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कारावास आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंड आहे. खेळणाऱ्यास त्या कायद्यात शिक्षा नाही, परंतु म्हणून व्हीपीएन लावून इंग्लंडमधील खाते येथे उघडू नका, कारण स्थान लपवणे हा साइटच्या अटींचा भंग असतो आणि शिल्लक अडकवायला तेवढे कारण पुरते. गोव्यात पणजीला मांडवी नदीतील जहाजांवर समोरासमोर पोकर चालते, तो प्रकार वेगळा.

प्रश्नकर्त्याचे उत्तर: रीडिंगकर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. काल रात्री तिन्ही साइटांची अटींची पाने वाचली. दोन ठिकाणी ‘मध्यम संरक्षण’ असे आहे, आणि 200 पौंडांचा बोनस देणाऱ्या साइटवर, जिच्यात मी आज-उद्या पैसे भरणार होतो, तेथे ‘संरक्षण नाही’ असे स्पष्ट लिहिले आहे. ती मी यादीतून काढली. उरलेल्या दोहोंच्या लॉबीची नोंद या मंगळवारपासून सुरू करतो आणि सहा तारखेपर्यंतचे आकडे येथेच मांडतो. केबल मागवली आहे. साताऱ्याला जाण्यापूर्वी खात्यातील सर्व शिल्लक काढून घेईन. तिकडे चुलत भावांबरोबर शेंगदाणे लावून मेंढीकोट खेळू.