एअर पिस्तुलवरचा रेड डॉट सारखा ढिला होतोय, लाल लॉकटाइट टाकू का?

केळीवाला_रावेर
राम राम मंडळी. माझ्याकडे ४.५ एमएमचं स्प्रिंगवालं एअर पिस्तुल आहे, नळी मोडून छर्रा भरायचा ते. मळ्यात खोक्यावर कागद चिकटवून १० मीटरवरून टिपायचा नाद लागलाय. चाळीशी लागल्यापासून पुढची माशी (नळीच्या टोकावरची नेमाची खूण) पुसट दिसते म्हणून रेड डॉट बसवला, म्हणजे काचेत लाल ठिपका दिसतो अन त्यावर नेम धरायचा. आता होतं काय, झिरो करतो (ठिपका अन छर्रा एका जागी जुळवतो), पन्नास-साठ छर्रे सरळ जातात अन मग ठिपका मधोमध असून छर्रा चार बोटं डावीकडे. पिस्तुलच्या रेलला डॉट धरून ठेवणारा क्लॅम्प आवळला की दोन दिवस बरं, परत तेच. दुकानदार म्हणतो लाल लॉकटाइट (स्क्रू ढिला होऊ नये म्हणून आट्याला लावायचा गोंद) टाक, विषय संपला. टाकू का? अन आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, त्यात ते पातळ होऊन निघणार तर नाही?

फिटरआबा_भुसावळ
लाल टाकू नको भो. लाल म्हणजे कायमचं बसवायच्या बोल्टसाठी, ते सोडवायला अडीचशे डिग्रीपर्यंत तापवावं लागतं. तुझे स्क्रू असतील ३-४ एमएमचे, त्यांना जांभळं २२२ नंबरचं पुरे, नाही मिळालं तर निळं २४३ नंबरचं. ४५ डिग्रीची काळजी करू नको, निळं दीडशेच्या वरही टिकतं. पण आधी आटे साफ कर. नव्या स्क्रूला तेल असतं, आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) किंवा अ‍ॅसिटोनने स्क्रू पूस, भोकात ईअरबड फिरव, वाळू दे. मग आट्यावर एकच छोटा थेंब, भोकात ओतायचं नाही. हे हवेत सुकत नाही, हवा तुटली अन धातू लागला की धरतं, म्हणून बाहेर आलेलं ओलंच राहतं, ते पुसून घे. अ‍ॅल्युमिनियम अन स्टेनलेसवर हळू धरतं, पूर्ण २४ तास हात लावू नको. काचेला अन प्लास्टिकच्या बॉडीला लागू देऊ नको, काही प्लास्टिकला तडे जातात.

धुळेकर८८
आबांचं ऐक भाऊ, मी लाल टाकून बसलेलो आहे. माझ्या डॉटचा सेल खालच्या बाजूला, म्हणजे सेल बदलायचा तर अख्खा डॉट काढा! सेल संपला अन स्क्रू हलेना, अ‍ॅलन की फिरून फिरून स्क्रूच्या डोक्याचा खड्डा गोल झाला, शेवटी सोल्डरिंग आयर्न नुसती स्क्रूच्या डोक्यावर धरून बसलो, बाजूला काच, जीव मुठीत. एक स्क्रू निघाला, दुसरा ड्रिल करावा लागला. आणि जोर लावून आवळू पण नको, असल्या स्क्रूला १२ ते १५ इंच-पाउंड म्हणजे दीड न्यूटन-मीटरच्या आसपास बस होतं, डॉटच्या कागदात आकडा दिला असेल तर तोच धर.

नेमबाज_नंदुरबार
दादा, नक्की काय ढिलं होतंय ते पाहिलंत का? स्प्रिंगचं पिस्तुल आधी मागे अन पिस्टन थांबला की पुढे, असा दोन्हीकडून झटका देतं, त्यामुळे स्वस्तातले डॉट आतूनच हलतात, तिथे लॉकटाइट काय करणार. वरचे-बाजूचे अ‍ॅडजस्टमेंटचे स्क्रू असतात त्यांना तर चुकूनही लावू नका. आणि पुढे स्पर्धेत उतरायचं मनात असेल तर १० मीटर एअर पिस्तुलला डॉट चालत नाही, साधी माशीच लागते.

फिटरआबा_भुसावळ
नंदुरबारच्या ताई बरोबर बोलल्या, आधी काय ढिलं होतंय ते शोध. शेडमध्ये आम्ही बोल्ट आवळला की त्याच्या डोक्यावरून खाली बॉडीपर्यंत पिवळ्या पेंटची रेघ ओढायचो. बोल्ट फिरला की रेघ तुटते. घरात नेलपॉलिश असेल तर तीच ओढ.

केळीवाला_रावेर
आबा, काम झालं. पिस्तुल रिकामं करून सगळ्या स्क्रूंवर रेघा ओढल्या, मग ५० छर्रे मारले. क्लॅम्पची रेघ जशीच्या तशी! मी महिनाभर उगाच त्यालाच आवळू राहिलो होतो. तुटली ती डॉट ज्या पट्टीवर बसतो तिथल्या पुढच्या स्क्रूची, पाव आटा फिरलेला, काढला तर तेलाने चमकत होता. दोन्ही पुसले, निळं लावलं, काल दिवसभर कपाटात ठेवलं. आज ऐंशी छर्रे झाले, सगळे एका रुपयाच्या नाण्याएवढ्यात नाही पण डाव्या बाजूला पळत नाहीयेत. उरलेली बाटली मोटरच्या फाउंडेशन बोल्टला चालेल का? तो पण दर पंधरा दिवसांनी ढिला होतो.

फिटरआबा_भुसावळ
चालेल, पण आधी बघ मोटर अन पंप एका रेषेत आहेत का.