वारीत तुम्हाला काय मिळालं? (देव मानणारे, न मानणारे, सगळ्यांनीच लिहा)

काल टीव्हीवर बाजीराव विहिरीचं रिंगण दाखवत होते आणि एकदम सगळं आठवलं. कॉलेजात असताना मैत्रिणीच्या आजीसोबत पुणे ते सासवड चालले होते. देवाच्या बाबतीत मी तेव्हाही काठावर, आजही काठावरच. पण दिवेघाटात वर पोचून मागे बघितलं तर खालपर्यंत नुसत्या पताका, टाळ एका लयीत, आणि डोळ्यांतून पाणी का येतंय ते मलाच कळेना. आजींना सांगितलं तर म्हणाल्या, "चल गं, मागचे खोळंबलेत." भक्ती म्हणायची की गर्दीचा परिणाम की नुसता थकवा? तुमचं सांगा.

—

गर्दी. मॅचला स्टेडियममध्ये पण हेच होतं. विठ्ठलाला उगाच क्रेडिट नको.

—

स्टेडियममध्ये अनोळखी माणूस रात्री तुमचे पाय चेपून देतो का दादा? आमच्या दिंडीत एक रिटायर्ड काका रोज म्हाताऱ्यांच्या पायांना तेल लावायचे. घरी सुनेशी पटत नाही म्हणे, तो भाग वेगळा, हाहा.

—

माझी आई पेरण्या आटोपल्या की जायची. एरवी माहेरी जायचं तरी चार जणांना विचारावं लागायचं, पण वारीला नाही म्हणायची घरात कोणाची टाप नव्हती. तुळस डोक्यावर घेऊन निघायची ती वेगळीच बाई असायची. ती गेल्यावर मी एकदा गेले तर तिच्या दिंडीतल्या बायकांनी चेहऱ्यावरून ओळखलं, तिच्या ओव्या म्हणून दाखवल्या, ज्या तिने घरी कधीच म्हटल्या नव्हत्या. याला आध्यात्मिक म्हणतात का माहीत नाही. भाजी लागली खाली, नंतर लिहिते

—

सगळं गोड गोड चाललंय म्हणून लिहितो. माझे आजोबा माळकरी, आयुष्यभर वारी केली. पण 1947 पर्यंत आमच्या जातीला देवळात पाऊल टाकायची सोय नव्हती. महाद्वारापाशी चोखोबांच्या समाधीवर डोकं टेकायचं आणि परत फिरायचं. साने गुरुजी उपोषणाला बसले तेव्हा कुठे दार उघडलं. आजोबा तरीही आत गेले नाहीत, "चोखोबा बाहेर आहेत, मी आत कशाला जाऊ" म्हणायचे. वडिलांनी पुढे धम्म स्वीकारला, माळ-बुक्का सगळं बंद. मी दोघांच्या मधे लटकलोय. अभंग ऐकला की काटा येतो आणि संतापही येतो, एकाच वेळी.

—

वाचलं. काय लिहावं सुचत नाहीये.

—

रस्त्यावर सगळे सारखे हे खरंय, पोलीससुद्धा वाकून माऊली म्हणतो. पण गावी परतलं की ज्याची त्याची आळी. आणि तुकोबांची पालखी देहूतून निघते तेव्हा पहिली आरती अनगडशहा बाबांच्या दर्ग्यापाशी होते, त्याचे रील्स कुणी फिरवताना दिसत नाही.

—

रिंगणातल्या घोड्यावर कोणीच का नसतं? मुलगा विचारून डोकं खातोय.

—

घोडे दोन असतात ताई. एकावर पताका घेतलेला स्वार, दुसरा मोकळा, त्याच्यावर स्वतः माऊली बसलेत असं मानतात. अंकलीच्या शितोळे सरकारांकडून येतात. तो धावून गेला की टापांखालची माती कपाळाला लावायला झुंबड उडते, माझा चष्मा त्यातच गेला.

—

2020 ला पादुका एसटीने गेल्या ना, आमचं घर त्याच रस्त्यावर. सासूबाई दरवर्षी अंगणात चिखल होतो म्हणून चिडचिड करायच्या, त्या वर्षी सकाळपासून रांगोळी काढून दारात. बस झर्रकन गेली, हात जोडून होईपर्यंत पुढे. दिवसभर जेवल्या नाहीत, कारण विचारलं तर ॲसिडिटी म्हणे.

—

अनुभूतीच्या आधी शौचालयांवर बोला कोणीतरी. निर्मल वारीची फिरती शौचालयं येण्याआधी बायका अंधार पडायची वाट बघत पाणी कमी प्यायच्या. माझ्या मते ज्यांनी ती सोय केली त्यांची भक्ती सगळ्यात वरची.

—

+१ याला

—

रात्रभर रांगेत, आणि समोर गेल्यावर एका धक्क्यात बाहेर. काहीच वाटलं नाही. नुसतं कळस बघून फिरतात ते वारकरी शहाणे.

—

पुढच्या वर्षी आळंदीपासून कोणी जाणार आहे का? नवख्यांना दिंडीत घेतात का? एक गुडघा कुरकुरतोय माझा.

—

घेतात, पण नाव आधी नोंदवावं लागतं. नवे कोरे बूट घालून येऊ नका. गुडघा फारच बोलत असेल तर वाखरीपासून चाला, पंढरपूर तिथून जवळच, फोटोत कोणाला कळत नाही.