32 जीबी रॅम नसेल तर कॉम्प्युटर वापरूच नका म्हणे!

जुनाखोका
काल "घरकामाला कुठला लॅपटॉप घेऊ" या प्रश्नाखाली फुलस्पीड यांनी ठोकून दिलं की 32 जीबी रॅम आणि जेन 5 एनव्हीएमई (फार वेगवान जातीची डिस्क) नसेल तर ते मशीन भंगार, कागद दाबायला वापरा. तिथेच उत्तर लिहायला बसलो ते एवढं लांबलं की धागाच काढला.

अहो, विचारणाऱ्या बाईंना मेल बघायची आहे, दहाबारा टॅब उघडायचेत आणि पोराचा अभ्यास. माझा लॅपटॉप 2012चा, रॅम 8. बटण दाबून आंघोळ उरकून यायचो तरी डिस्कचा दिवा लुकलुकतच असायचा. शेवटी खालचे स्क्रू काढले (एक अजून सापडलेला नाही), 5400 आरपीएमची हार्डडिस्क बाहेर, साधी साटा एसएसडी (चिपांवर डेटा ठेवणारी, जुन्या जोडणीची डिस्क) आत. बूट 2 मिनिटं 20 सेकंदांवरून 21 सेकंदांवर. मोबाइलवर स्टॉपवॉच लावून मोजलंय. रॅम तीच, प्रोसेसर तोच.

त्या तबकडीला नुसता अर्धा फेरा मारायलाच साडेपाच मिलिसेकंद लागतात, वर हेड सरकायचा वेळ वेगळा, त्यामुळे विखुरलेले तुकडे सेकंदाला शंभरसुद्धा वाचून होत नाहीत. एसएसडीत फिरणारं काहीच नाही. खरी उडी तिथे आहे. त्यापुढे खोक्यावर सेकंदाला 550च्या जागी 7000 एमबी छापलं तरी ते मोठी सलग फाइल कॉपी करताना. 4 केबीचे तुकडे एकेक करून वाचायला लावा, साटावाली तीस-चाळीस एमबीवर आणि ती 7000वाली शंभरच्या आतबाहेर. मेल उघडताना हा फरक कुणाला दिसतो ते मला सांगा.

फुलस्पीड
2012चा डबा घेऊन आम्हाला शिकवताय? विंडोज 11 चढतं का त्यावर? त्याला लागणारी टीपीएम 2.0 ही सुरक्षेची चिप आहे का? विंडोज 10चा सपोर्ट ऑक्टोबर 2025ला संपला, म्हणजे तुमचा 21 सेकंदांचा चमत्कार उघड्या दारासकट चालू होतो. आणि आजकालच्या पातळ लॅपटॉपमधे रॅम बोर्डावरच सोल्डर करून येते, नंतर वाढवता येत नाही, म्हणून म्हणतो एकदाच काय ते घ्या. माझ्याकडे 32 जीबी, 3600वाली. आजवर कधी अडलं नाही.

जुनाखोका
लिनक्स टाकलंय, दार बंद आहे, काळजी नसावी. सोल्डरचा मुद्दा बरोबर आहे (लिहिताना हात जड झालाय). म्हणून त्या बाईंना 16 म्हणा. 32 कशाला?

बिटकीबाइट
3600 काय? मेगाहर्ट्झ म्हणू नका म्हणजे झालं. डीडीआरमधे खरं क्लॉक 1800, प्रत्येक ठोक्याला दोनदा डेटा, म्हणून 3600 मेगाट्रान्सफर. आणि 100 एमबीपीएसच्या लाइनवर "12 एमबीच येतात, फसवलं" म्हणून ओरडणारे तर रोज भेटतात. लाइनचे ते मेगाबिट, फाइलचे मेगाबाइट, आठने भागा रे बाबांनो.

फुलस्पीड
आले मास्तर.

पिंगोबा
रॅम रॅम काय करताय, निम्म्या लोकांचा कॉम्प्युटर स्लो नसतोच, राउटर बिघडवतो सगळं. आमच्याकडे बायकोची ऑफिसची मीटिंग चालू असली की दर दुपारी चेहरा गोठायचा, आवाज रोबोटसारखा. आधी लॅपटॉप बदलला. मग प्लॅन वाढवला. काही फरक नाही. एके दिवशी पिंग (सर्व्हरपर्यंत जाऊन यायला किती मिलिसेकंद लागतात ते मोजणं) चालू ठेवून बसलो, 14, 15, 14, आणि एकदम 780, 810, 840. त्याच वेळी माझा मोबाइल फोटो बॅकअप करत होता! बफरब्लोट. अपलोड भरलं की राउटर पाकिटं (डेटाचे तुकडे) टाकून न देता रांगेत कोंबत बसतो. 10 एमबीपीएस अपलोडवर 1 एमबीची रांग साचली तर शेवटचं पाकीट 800 मिलिसेकंद ताटकळणार. गणित करून बघा.

बिटकीबाइट
आठने गुणलंय, बरोबर आहे. धन्य झालो.

फुलस्पीड
काहीही. जास्त स्पीडचा प्लॅन घ्या, रांगच लागणार नाही. मी 300 घेतलाय.

पिंगोबा
300 डाउनलोड हो! अपलोड किती ते बघितलंय का कधी? आणि मोबाइल मिळेल तेवढं सगळं अपलोड खातो, नळ मोठा केला तरी रांग लागतेच, फक्त लवकर सरते. उपाय जुना आहे. व्हॅन जेकबसन आणि कॅथलीन निकोल्स यांनी 2012ला कोडेल नावाची पद्धत काढली, पाकीट रांगेत फार वेळ थांबायला लागलं की टाकून द्यायचं, मग पाठवणारा आपोआप हळू होतो. राउटरवर ओपनडब्ल्यूआरटी (राउटरची मोफत प्रणाली) टाकून एसक्यूएम (त्यातली रांग आवरायची सोय) चालू करा आणि अपलोडची मर्यादा खऱ्या स्पीडच्या 90 टक्क्यांवर ठेवा.

फुलस्पीड
म्हणजे पैसे भरायचे पूर्ण लाइनचे आणि वापरायची 90 टक्के? हे म्हणजे गाडी घेऊन पाचवा गिअर काढून टाकण्यासारखं. आणि पाकिटं मुद्दाम टाकून नेट सुधारतं हे तुमच्या बायकोला पटलं असेल, मला नाही.

पिंगोबा
बायकोचं नाव काढायचं काम नाही. कळत नसेल तर विचारा, टवाळी कसली करता?

खिडकीतली
अहो, तिचा विषय तुम्हीच काढलात ना! दोघंही जरा पाणी प्या. मी करून बघितलं. राउटरमधे एसक्यूएम नव्हतं, पण नुसतं क्यूओएसमधे (कुणाला किती लाइन द्यायची त्या सेटिंगमधे) जाऊन अपलोड 20चं 17 केलं. मोठी फाइल चढवत असताना पिंग आधी 400च्या वर, आता 35. फाइल अर्थात जरा उशिरा चढली. पण कॉल तुटला नाही. लांबच्या सर्व्हरवरच्या गेमला मात्र ढिम्म फरक नाही.

पिंगोबा
ताई, तो नाहीच पडणार. फायबरमधे प्रकाश सेकंदाला साधारण 2 लाख किलोमीटर जातो. सर्व्हर 5000 किलोमीटरवर असेल तर जाऊनयेऊन 50 मिलिसेकंद कुणाच्या बापाला चुकत नाहीत.

जुनाखोका
धागा रॅमचा होता. आठवण करून दिली.

फुलस्पीड
बरं. पिंग लावून बघितला, अपलोड चालू करून. 620. मर्यादा घातल्यावर 40. एवढंच. पाचव्या गिअरचं वाक्य मागे घेत नाही.

बिटकीबाइट
आता हात लागलाच आहे तर टास्क मॅनेजर उघडून मेमरीत "स्पीड" काय दिसतो तेही सांगा. आणि किती स्लॉट वापरात.

फुलस्पीड
स्लॉट 4 पैकी 2. स्पीड 2133. हा बग असणार.

बिटकीबाइट
बग नाही. एक्सएमपी, म्हणजे रॅमला छापील वेगाने पळवणारं बायोसमधलं सेटिंग, बंद आहे. घेतल्यापासून बंद असणार. 3600चे पैसे आणि 2133ची चाल. पाचवा गिअर काढून टाकलाय कुणीतरी.

फुलस्पीड
हसायचं नाही. ते एक्सएमपी बायोसमधे कुठे असतं?

जुनाखोका
वेगळा धागा काढा.