मदत हवी आहे: 'पुशरमन' गिटारवर जमत नाहीये

अधांतरी: शनिवारी वाजवायचंय, लवकर सांगा. अमेरिकन गायक-गिटारवादक कर्टिस मेफिल्डच्या, 'सुपर फ्लाय' सिनेमाच्या अल्बममधलं (१९७२) 'पुशरमन'. नेटवरचे टॅब (कुठल्या तारेवर कुठे बोट ते दाखवणारे तक्ते) बघून बोटं बरोबर पडतायत, पण तो आवाज काही येत नाही. काय चुकतंय?

मंद्रसप्तक: गिटार कुठली? तारा कुठल्या? रेकॉर्डवरून बसवताय की सिनेमातल्या क्लबच्या प्रसंगावरून? तिथे मेफिल्ड स्वतः बँड घेऊन हेच गातो.

फंकीकाका: वा-वा पेडल (पायाने दाबून गिटारला 'वा-वा' आवाज देणारं) घ्या, विषय संपला. 'शाफ्ट' सिनेमाच्या शीर्षकगीताची सुरुवात ऐका. ड्रमच्या हाय-हॅट झांजांची झिकझिक, त्यावर गिटारवाल्या स्किप पिट्सचा वा-वा. सत्तरच्या दशकातलं याहून भारी काही नाही.

अधांतरी: पेडल आहे काका. प्रश्न तो नाही.

मंद्रसप्तक: ट्यूनिंग (तारा लावायचे सूर) काय ठेवलंय?

अधांतरी: नेहमीचंच की. त्यात काय सांगायचं?

मंद्रसप्तक: तिथेच घोडं पेंड खातंय. मेफिल्ड नेहमीच्या ट्यूनिंगमध्ये वाजवायचाच नाही. पियानोच्या काळ्या पट्ट्यांवर गिटार लावायचा. जाड तारेकडून: एफ शार्प, ए शार्प, सी शार्प, एफ शार्प, ए शार्प, एफ शार्प. शिवाय रेकॉर्डवर क्रेग मॅकमलनचीही गिटार आहे. टॅबवाले दोघांची खिचडी करतात.

दुसरीबाजू: रेकॉर्ड घेणार असाल तर राइनो कंपनीची १९९७ची दोन सीडींची आवृत्ती बघा. याच अल्बममधलं 'फ्रेडीज डेड' शब्दांशिवाय आहे त्यात.

अधांतरी: रेकॉर्डचं कोणी विचारलं?

फंकीकाका: ऑस्कर कुणाला मिळालं? 'शाफ्ट'ला. त्याचं गाणं करणारा आयझॅक हेज.

दुसरीबाजू: सिनेमात 'फ्रेडीज डेड'चे शब्दच वाजत नाहीत, म्हणून ते गाणं ऑस्करच्या नियमात बसलं नाही. बाकी अल्बम चार आठवडे बिलबोर्डवर पहिला होता. आणि शब्द ऐका जरा. पडद्यावर कोकेन विकणाऱ्याचा थाट, आणि गाण्यात त्याच धंद्याची चिरफाड.

फंकीकाका: 'शाफ्ट' वडिलांनी काढला, 'सुपर फ्लाय' मुलाने. गॉर्डन पार्क्स आणि गॉर्डन पार्क्स ज्युनियर. मोठे ते मोठेच.

अधांतरी: इकडे पहिली तार तुटली! एफ शार्पपर्यंत ताणताना. अकूस्टिक आहे, १३चा (जाड तारांचा) सेट.

मंद्रसप्तक: अहो, गिटार कुठली हे पहिल्याच प्रतिसादात विचारलं होतं! वर ताणू नका. ई, जी शार्प, बी, ई, जी शार्प, ई असं लावा आणि दुसऱ्या फ्रेटवर (गळ्यावरच्या पट्टीवर) कॅपो, म्हणजे तारा दाबून धरणारा चिमटा. सूर तेच येतील, आणि एकही तार नेहमीपेक्षा वर जात नाही.

फंकीकाका: अकूस्टिकवर फंक? चालू द्या.

अधांतरी: लागलं! एक बोट आडवं टाकलं की अख्खी कॉर्ड. मधल्या तारा जरा सैल वाटतात, पण तो मऊपणा आला. आता रेकॉर्डवरच्या मास्टर हेन्री गिब्सनच्या कोंगांचं (हाताने वाजवायच्या उंच ढोलांचं) काय करू? आमच्याकडे फक्त तबलेवाला आहे.

दुसरीबाजू: डग्गा चढा लावायला सांगा.

मंद्रसप्तक: डग्गा नको, ढोलकी बघा.